शंका-लाइन: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग

पाचपैकी साडेतीन. दीड गुण कुठे कापले ते पुढे येईलच.

आधी परीक्षण कशाचं ते सांगते. दादरला एक छोटं प्रसूतिगृह आहे, तिथे आमच्या सुनेचं नाव घातलं होतं. नाव घातलं की फाईलबरोबर एक पिवळं कार्ड देतात. त्यावर एक मोबाईल नंबर आणि खाली छापलेलं: ‘शंका असल्यास फोन करावा. सकाळी ८ ते रात्री १० सिस्टर, नंतर लेबर रूम.’ याचे वेगळे पैसे नाहीत. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, जिना अरुंद आहे, पंखे आवाज करतात. त्यावर दुसरं कोणी लिहील. मी फक्त त्या फोनबद्दल लिहिणार. प्रसूतिगृहाचं नाव देत नाही. एक तर माझं त्यांच्याशी एकदा चांगलंच वाजलंय आणि ते मिटलंही आहे. दुसरं म्हणजे लाइन एकच आहे आणि ती आधीच एंगेज असते.

फोनबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. मी १९८५ मध्ये ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन ऑपरेटर जोडून द्यायच्या तिथे, लागले तेव्हा ते बॉम्बे टेलिफोन्स होतं. १ एप्रिल १९८६ ला महानगर टेलिफोन निगम झालं, आणि जानेवारी २०२० च्या शेवटी हजारो जणांबरोबर मीही व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. १८० ट्रंक बुकिंग, १९७ चौकशी, १९८ तक्रार, हे मला झोपेतून उठवून विचारा. समोरच्याने फोन कितव्या रिंगला आणि कुठल्या सुरात उचलला यावरून तो कामाचा आहे की नाही हे मला कळतं, निदान मला तसं वाटतं.

म्हणून सुनेला दिवस गेले तेव्हा मी एक दोनशे पानी वही केली. तारीख, वेळ, किती रिंग, कोणी उचलला, काय विचारलं, काय सांगितलं. फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२५, एकूण एकतीस कॉल. शेवटच्या रकान्यात जुन्या सवयीने ऑ., अ. किंवा ला. असं लिहायचे. मुलाने विचारलं, “आई, हे ला. काय?” त्याचा जन्म एसटीडीच्या, म्हणजे परगावचा नंबर आपला आपण फिरवायच्या काळातला, त्याला काय ठाऊक. ट्रंक कॉल तीन दर्जाचे असायचे. ऑर्डिनरी लावला की बसा वाट बघत, अर्धा दिवससुद्धा. अर्जंटला दुप्पट पैसे, नंबर आधी लागायचा. लाइटनिंगला आठपट, आणि त्याच्यासाठी बाकी सगळे मागे सारायचे. लाइटनिंग बुक करणाऱ्याचा आवाजच वेगळा असायचा. आमच्या लाइनीवरची सिस्टर हेच करते, फक्त तिला ही नावं माहीत नाहीत. फोनवर बाळंतपण होत नाही. तिथे एवढंच ठरवायचं असतं की हा कॉल थांबू शकतो का.

पहिला कॉल नववा आठवडा चालू असताना, मुलाने केला. सून सकाळपासून ओकत होती. तीन रिंगा. सिस्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फोन तिला द्या.” मुलगा म्हणाला, “ती झोपलीय, मला सांगा ना.” “बोलू शकत नसेल तर घेऊनच या. बोलू शकत असेल तर फोन द्या.” मी पलीकडे ओट्याशी उभी होते, मनातल्या मनात टाळी वाजवली. याला आम्ही पीपी कॉल म्हणायचो, ठरावीक माणूस लाइनवर आला तरच बोलणं जोडायचं. पूर्ण आठ महिन्यांत या बाईने नवऱ्याशी किंवा सासूशी बोलून, आणायचं की थांबायचं याचा एकही निर्णय दिला नाही. मला ते दर वेळी आवडलं असं नाही.

सुनेला तिने विचारलं, पाणी पोटात टिकतंय का, लघवी शेवटची कधी झाली, रंग गडद आहे का, उभं राहिल्यावर चक्कर येते का. पाणी टिकत होतं. मग कुरमुरे, सुकी पोळी, थोडं थोडं, दर दोन तासांनी. डॉक्टरांनी लिहून दिलेली उलटीची गोळी आधी, जेवण नंतर. आणि वर स्पष्ट सांगितलं की दिवसभर पाण्याचा घोटही टिकला नाही, लघवी कमी होऊन गडद झाली, तर फोन न करता यायचं, सलाईन लावावं लागतं. वहीत: ऑ.

आता तिचे तीन प्रश्न. काहीही विचारा, अगदी “केस रंगवले तर चालतील का” असं विचारा, आधी हे तीन येणार: कितवा आठवडा? रक्त किंवा पाणी जातंय का? पोटात दुखतंय का? विसाव्या आठवड्यानंतर चौथा जोडला गेला: बाळ हलतंय का? मला सुरुवातीला याचा राग यायचा. अगं, फाईल आहे ना तुमच्याकडे, आठवडा बघा की. पण नंतर लक्षात आलं की फोन करणारी बाई पपईबद्दल विचारते आणि मनात असतो डाग. ट्रंकवरही तसंच होतं. माणूस विचारायचा “नागपूरला किती वेळ लागेल”, आणि घरी कोणीतरी गेलेलं असायचं.

डागाचंच सांगते. अकराव्या आठवड्यात सुनेला तपकिरी डाग दिसला, रुपयाएवढा. ती बाथरूममधून आली ती पांढरीफटक. मी म्हणणार होते की होतं असं, मलाही झालं होतं, पडून राहा. म्हणणार होते, पण तोवर तिने नंबर लावला होता. सिस्टरने विचारलं, लाल आहे की तपकिरी, पॅड भिजतंय का, एका बाजूला कळ येते का, खांदा दुखतो का, गरगरतंय का. मला खांद्याचं काही कळेना. नंतर तिने समजावलं: गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला आणि नळी फुटली तर पोटात रक्त साठतं आणि दुखणं खांद्याला जाणवू शकतं, तेव्हा एक मिनिटही घालवायचं नसतं. आमच्या आधीच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच दिसला होता, त्यामुळे ती भीती नव्हती. तरीही सिस्टर म्हणाली, “थोडा डाग पुष्कळ बायकांना लागतो आणि बहुतेकदा निभावतं. पण फोनवर मला आतलं दिसत नाही. आज दुपारी या.” शिवाय रक्तगट विचारला. आईचा निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव झाल्यावर अँटी-डी इंजेक्शनचा विचार करावा लागतो. सुनेचा बी पॉझिटिव्ह. दुपारी सोनोग्राफी झाली, ठोके छान. वहीत: अ.

‘फोनवर मला आतलं दिसत नाही’ हे वाक्य तिच्याकडून मी पाच वेळा लिहून घेतलंय. गुण मी याच वाक्याला दिलेत. आमच्या इमारतीतल्या चार बायका आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट, यांना सगळ्यांना आतलं दिसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तर पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी तेही दिसतं. त्यांनी एकदा सुनेच्या हातून फोन ओढून सिस्टरला विचारलं की सोनोग्राफीत काय दिसलं ते कळेल का. पलीकडून थंड आवाज आला, “ते विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, कायदा १९९४ चा आहे,” आणि फोन बंद. कॉल क्रमांक चौदा, अवधी सोळा सेकंद. काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. हाही त्या लाइनीचा एक फायदा.

माझे स्वतःचे गुपचूप कॉल चार. सून ऑफिसला गेल्यावर करायचे. पहिला पपईचा. पिकलेली चालते, कच्ची नको, कारण कच्चीत चीक असतो. ठीक. दुसरा केशराचा: दुधात घाला हवं तर, बाळ गोरं होणार नाही. तेही ठीक, आम्हा दोघांच्याही घरात गोरं कोणी नाहीच. तिसरा कॉल लोखंडाच्या गोळीचा. सुनेची शी काळी होतेय, गोळी बंद करू का? नाही, ती त्या गोळीमुळेच होते, घाबरायचं नाही. चहाबरोबर घेते का? घेत होती, माझ्याच हातच्या. चहाने लोह अंगाला लागत नाही. चहा आणि गोळी यांच्यात तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर नको, लिंबू-आवळ्याबरोबर चालेल. सुनेचं हिमोग्लोबिन १०.२ होतं आणि ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. तीन महिने मी सकाळी कौतुकाने आलं घातलेला चहा आणि गोळी एकाच ताटलीत देत होते. हे सुनेला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेल तर वाचेल.

चौथ्या गुपचूप कॉलला सिस्टर म्हणाली, “मावशी, एवढे प्रश्न तुम्हाला पडतात, मग तिला बसवून घ्या ना माझ्याशी बोलायला.” मावशी म्हणाल्यावर मी जरा खट्टू झाले, दवाखान्यात मावशी कुणाला म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. पण बोलणं बरोबर होतं. पुढचे कॉल आम्ही स्पीकरवर दोघींनी मिळून केले.

गैरसोयी लिहायला हव्यात. सकाळी अकरा ते एक ओपीडी चालू असते, तेव्हा हीच सिस्टर वजनं घेते, बीपी घेते आणि फोनही उचलते. त्या वेळात केलेल्या सहा कॉलपैकी चार एंगेज. होल्डवर ठेवतात तेव्हा गायत्री मंत्र लागतो. ज्या बाईचं पोट दुखतंय तिला तो मंत्र किती शांत करेल ठाऊक नाही. व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवला तर दोन निळ्या टिकल्या दिसतात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. मी त्यांना सांगितलं, एक तर व्हॉट्सॲप बंद करा, नाहीतर ‘इथे तातडीचं विचारू नये’ असं लिहा. अर्धवट चालू लाइन बंद लाइनीपेक्षा वाईट, माणूस तिच्या भरवशावर बसून राहतो. शिवाय रविवारी एक नवी मुलगी असते, ती भिंतीवरचा तक्ता वाचून दाखवते. तक्ता बरोबर आहे, पण ती मध्ये प्रश्न विचारू देत नाही.

जुलैतला ताप मात्र त्याच मुलीने नीट हाताळला, तिला श्रेय देते. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला होता आणि जुलैपर्यंत परळ-लालबागमध्ये प्रत्येक घरात कोणीतरी तापलेलं. सून सत्ताविसाव्या आठवड्यात, ताप १०१. केमिस्टने मुलाला अंगदुखीची गोळी दिली होती, नाव वाचून दाखवल्यावर ती मुलगी म्हणाली, “ही नाही. आयब्युप्रोफेनच्या जातीची गोळी गरोदरपणात आपल्या मनाने कधीच नाही, विसाव्या आठवड्यानंतर तर मुळीच नाही. पॅरासिटामॉल द्या, पण त्यावर थांबू नका. मुंबईत पावसाळ्यात ताप म्हणजे मलेरिया, डेंग्यू बघायचाच. आजच रक्त.” साचलेल्या पाण्यातून चालली का, हेही विचारलं, लेप्टोमुळे, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापामुळे. चालली होती, करी रोड स्टेशनबाहेर. तपासण्या झाल्या, मलेरिया-डेंग्यू काही निघालं नाही, लघवीत जंतू निघाले. लघवीला जळजळ होत होती ती सुनेने कुणाला सांगितलीच नव्हती, म्हणे इतकं काय सांगायचं. तक्त्यात आठव्या ओळीवर होतं ते, त्या मुलीने ओळीने वाचलं म्हणून निघालं. वहीत: अ., आणि पुढे माझी टीप, ‘तक्ता वाचू द्यावा.’

तिसाव्या आठवड्यातला कॉल मला सगळ्यात आवडला. शनिवार दुपार. सून म्हणाली, “आई, सकाळपासून हललेलं आठवत नाहीये.” मी म्हटलं, गोड खा, हलेल. सिस्टरने आधी आठवडा विचारला, मग म्हणाली, “काही खाऊन डाव्या कुशीवर पडा, टीव्ही बंद, फोन बाजूला. हात पोटावर. लाथ, कूस, सरकणं, सगळं मोजा. दोन तासांत दहा व्हायला हवेत. झाले नाहीत तर निघा, रविवार उजाडायची वाट बघायची नाही. आणि दहा झाले तरी रोजच्यापेक्षा वेगळं, मंद वाटलं तर तेही सांगा.” आता ऐका. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, “तीन वाजलेत. पाच वाजता मी फोन करते.” आणि पाच वाजून दोन मिनिटांनी फोन आला. पस्तीस वर्षांत “परत फोन करते” म्हणून खरंच परत फोन करणारी माणसं मी बोटांवर मोजलीत. आमचे दहा तोवर चाळीस मिनिटांतच झाले होते. ऑ. लिहिलं आणि खाली लाल शाईने रेघ ओढली.

बत्तिसाव्या आठवड्यात पाय सुजले. हा कॉल तसा साधा, पण यावरच पुढचं सगळं अवलंबून होतं म्हणून सविस्तर लिहिते. सिस्टर म्हणाली, दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात आणि रात्री उशीवर ठेवले की उतरतात, हे बऱ्याच जणींना होतं. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दुखली तर रक्ताची गाठ असू शकते, लगेच यायचं. आणि सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, अंगठी रुतायला लागली, डोकं गोळी घेऊनही थांबत नाही, नजर धूसर, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, यातलं काहीही झालं तर बीपी वाढलेलं असू शकतं. “तेव्हा शंका विचारू नका. बीपी मोजून घ्या. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं. १६०/११० झालं तर कुणालाही न विचारता हॉस्पिटल.” मी सगळं उतरवून घेतलं. घरी मशीन नव्हतं. घेऊ म्हटलं, राहून गेलं.

१ सप्टेंबर, सोमवार, गणपतीचा सहावा दिवस. पस्तिसावा आठवडा पुरा. लालबागमध्ये गणपतीत रात्र नसते. गल्लीत ढोल, रांगा, पिपाण्या. सून संध्याकाळपासून डोकं धरून बसली होती. आम्ही सगळे म्हणालो, एवढ्या आवाजात कुणाचं दुखणार नाही. नऊ वाजता पॅरासिटामॉल घेतली. रात्री पाऊण वाजता ती उठून माझ्याकडे आली, म्हणाली, “आई, अंगठी निघत नाहीये.” साबण लावूनही निघेना. दिव्याखाली चेहरा बघितला. सकाळी मला तो भरलेला वाटला होता, मी मनात म्हटलं होतं, तब्येत धरतेय.

नंबर लावला. अकरा रिंगा वाजून कट झाला. पुन्हा लावला. नवव्या रिंगेला वॉचमनने उचलला. कार्डावर लेबर रूम लिहिलंय, पण रात्री फोन रिसेप्शनवर चार्जिंगला असतो, असं नंतर कळलं. मी आठवडा सांगितला, डोकं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, “सिस्टर आत डिलिव्हरीत आहेत. डोकंच दुखतंय ना? सकाळी ओपीडीत आणा.”

वॉचमनवर माझा राग नाही. ज्याने त्याच्या हातात तो फोन दिला त्याच्यावर आहे. आमच्याकडे शिकाऊ मुलीला सहा-सहा महिने बोर्डला एकटीने हात लावू द्यायचे नाहीत, आणि तिथे तर फक्त माणसाशी माणूस जोडायचा होता.

वही माझ्या समोर उघडी होती. बत्तिसाव्या आठवड्याचं पान. ‘तेव्हा शंका विचारू नका.’ त्याच लाइनीने दिवसा जे सांगितलं होतं त्याच्या बळावर मी रात्री तीच लाइन बंद केली. दादरला जायचंच नाही असं ठरवलं. परळचं मोठं सरकारी रुग्णालय जवळ, तिथे रात्री डॉक्टर जागे असतात. १०८ लावला, पण आमच्या गल्लीत त्या गर्दीत गाडी शिरणार कुठून. मुलगा पुढे पळाला, करी रोडच्या पुलाखाली टॅक्सी धरून उभा राहिला. सुनेला मी धरून हळूहळू नेलं. बंदोबस्तावरच्या एका पोलीस मुलीने पोट बघितलं, काही न विचारता बॅरिकेड सरकवलं आणि शिट्टी मारत आमच्या पुढे चालत गेली. तिला कुठे गुण द्यायचे असतील तर मी पाचपैकी सहा देईन.

बीपी १५२/१०२, लघवीत प्रोटीन. डॉक्टर पोरगेलीच होती, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, “बरं केलंत आणलंत. हे दुर्लक्षलं तर आकडी येऊ शकते.” औषधाने पहाटेपर्यंत बीपी उतरलं, डोकंही थांबलं. चार दिवस ठेवून घेतलं, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. मग दादरच्या आमच्या डॉक्टरबाईंशी बोलून, रोज सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायच्या अटीवर सोडलं. घरी आणलं नाही, अनंत चतुर्दशीला लालबागमधून गरोदर बाईला बाहेर काढायची पाळी आली असती तर काय केलं असतं? तिच्या मामेबहिणीकडे दादरला ठेवलं. मशीन त्याच दिवशी घेतलं, दंडाला पट्टा लावायचं. मनगटाचं नको असं सिस्टरनेच सांगितलं. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, बोलायचं नाही. आमच्या घरात न बोलता पाच मिनिटं बसणं हीच खरी परीक्षा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण. माझ्याच मोबाईलवर सकाळपासून नऊ फोन, सगळ्या बायकांचे. पाळायला लावा, पाणीही देऊ नका, चाकू-सुरी हातात नको. खरं सांगते, माझ्या बाळंतपणाच्या वेळी सासूबाईंनी मला ग्रहणात सात तास उताणं झोपवून ठेवलं होतं, आणि मी मुकाट्याने झोपले होते. आता नक्की काय करावं मला ठरवता येईना, म्हणून लाइन लावली. दोन रिंगा. सिस्टर म्हणाली, “बीपीची गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, पाणी लागेल तेवढं. झोपायचं असेल तर कुशीवर, उताणं नाही. बाकी तुमच्या समाधानासाठी खिडकीचा पडदा लावा.” पडदा लावला. सुनेने आत बसून भाजी चिरली. मी बघितलं नाही.

सदतिसाव्या आठवड्यात त्यांनी कळा आणायचं औषध देऊन बाळंतपण केलं. मुलगी, दोन किलो सहाशे.

फोनबद्दल तक्रार मी तिसऱ्या दिवशी लेखी दिली, वहीच्या पानांची झेरॉक्स जोडून. डॉक्टरबाईंनी वाचली, बोलावलं, माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. पण आता रात्रीचा फोन लेबर रूममध्येच असतो, आणि कार्डाच्या मागे शिक्का मारलाय: ‘रक्त, पाणी, आकडी, जोरात डोकेदुखी, बाळ हलत नाही: फोनची वाट न पाहता जवळच्या हॉस्पिटलमध्ये जावे. फाईल बरोबर घ्यावी.’ मी परवा रात्री अकरा वाजता मुद्दाम लावून बघितला. चार रिंगा, सिस्टरनेच उचलला. मी “राँग नंबर” म्हणून ठेवला. दुसरी लाइन अजून घेतलेली नाही, म्हणून तो अर्धा गुण कापलेलाच राहील. उरलेला एक गुण त्या अकरा रिंगांचा.

कुणी नाव घालायला जाणार असेल, तिथे किंवा कुठेही, तर एवढं करा. असा नंबर मिळाला की रात्री एकदा लावून बघा, कोण उचलतं ते. तो नसेलच तर १०४ वर सल्ला मिळतो, १०२ ची गाडी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी असते, १०८ कुठल्याही तातडीला. आमच्या फ्रिजवर हे तिन्ही मोठ्या अक्षरात आहेत. आणि जवळचं रात्री चालू असणारं हॉस्पिटल दिवसा एकदा चालत जाऊन बघून ठेवा, दरवाजा कुठला ते.

शेवटचा कॉल, क्रमांक एकतीस, २७ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ. बारशाला या म्हणून सांगायला केला होता. तीन रिंगा. सिस्टरने अभिनंदन केलं आणि लगेच म्हणाली, “फोन तिला द्या. बारा दिवस झाले ना? रक्तस्राव किती? ताप? डोकं? बीपी शेवटचं कधी मोजलं?” बाळंतपणानंतरही सहा आठवडे हे बीपी वर उसळू शकतं, म्हणे.

चार दिवस मोजलंच नव्हतं. मशीन कपाटावर, लंगोटांच्या खाली. काढलं, सुनेला बसवलं, पाच मिनिटं सगळे गप्प. बाळ सोडून. १२८/८२. वहीत लिहिलं: ऑ.